अठ्ठेचाळीस कोटी सुया

इतिहासांत कांहीं वाद असे आढळतात कीं ते मिटतात, परंतु त्यांचा निकाल लागत नाहीं. वादाचें निमित्त काळाच्या ओघांत नाहींसें होतें, वादी व प्रतिवादी आपापल्या कामाला लागतात, आणि मूळ प्रश्न जसाच्या तसा दप्तरांत पडून राहतो. पुढें दोन पिढ्यांनीं तोच प्रश्न शतपट मोठा होऊन दारांत उभा राहिला म्हणजे लोक त्याला नवा समजतात व नव्यानें गोंधळतात. रात्रीच्या आकाशासंबंधीं आज जगभर जो वाद चालू आहे तो या जातीचा आहे. हजारों कृत्रिम उपग्रह आकाश व्यापीत आहेत, ताऱ्यांच्या छायाचित्रांवर पांढऱ्या रेघा उमटत आहेत, आणि हें करण्याची परवानगी कोणीं कोणाला दिली, असें ज्योतिर्विद विचारीत आहेत. हा प्रश्न २०१९ सालीं जन्मला असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. हाच प्रश्न १९६१ सालीं विचारला गेला होता, आणि त्याचें निमित्त होतें तांब्याच्या सुया. त्या सुयांचा वृत्तांत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानांवर आला असेल. म्हणून तो प्रथम सांगून मग आजच्या परिस्थितीकडे वळावें असें आम्हीं योजिलें आहे.

कृत्रिम उपग्रहांचें युग ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सुरू झालें. रशियानें त्या दिवशीं सोडलेला स्पुटनिक हा सुमारें ५८ सेंटिमीटर व्यासाचा व ८३ किलोंहून थोडा अधिक वजनाचा गोळा होता. लोकांनीं त्या दिवसांत जो चालता ठिपका पाहिला तो बहुतेक वेळां हा गोळा नसून त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा मोठा भाग होता. पण पाहणारांच्या कौतुकांत त्यामुळें उणेपणा आला नाहीं. पुढें १२ ऑगस्ट १९६० रोजीं अमेरिकेनें 'इको' नांवाचा एक प्रचंड फुगा कक्षेंत सोडला. त्याचा व्यास सुमारें ३० मीटर असून अंगावर ॲल्युमिनियमचा चकचकीत मुलामा होता. रेडिओचे संदेश त्याच्यावर आपटून परतावे व दूरच्या ठिकाणीं ऐकूं यावे, एवढेंच त्याचें काम. तो ठळक ताऱ्यासारखा तळपे, आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येत. १९६८ च्या मे महिन्यांत तो वातावरणांत शिरून नष्ट झाला. अशा एकट्यादुकट्या प्रवाशांविरुद्ध ज्योतिर्विदांची मोठीशी तक्रार नव्हती. घरीं एखादा पाहुणा आला म्हणजे मुलांमाणसांना आनंदच होतो. तो बिऱ्हाड थाटूं लागला म्हणजे मात्र घर कोणाचें हा विचार सुचतो.

तो विचार सुचविणारी योजना इको फुग्याच्या आधींच कागदावर तयार होत होती. त्या काळीं सातासमुद्रांपलीकडे संदेश पाठविण्याचे मार्ग मुख्यतः दोन होते: एक समुद्राच्या तळाशीं घातलेल्या तारा, आणि दुसरा आयनांबर. आयनांबर म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागांतील विद्युद्भारित थर. त्यावरून रेडिओच्या लहरी भिंतीवरून चेंडू परतावा तशा पृथ्वीकडे परततात. युद्ध पेटलें तर शत्रु समुद्रांतील तारा तोडील, ही भीति उघड होती. आयनांबराचाहि भरंवसा उरला नव्हता. १९५८ च्या ऑगस्टांत अमेरिकेनें पॅसिफिक महासागरावर फार उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट केला, तेव्हां त्या भागांतील रेडिओ-दळणवळण कित्येक तास विस्कळित झालें होतें. तेव्हां नैसर्गिक आयनांबर दगा देईल तर माणसानें आपलें स्वतःचें आयनांबर कां बनवूं नये, अशी कल्पना निघाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेंतील वॉल्टर मॉरो हे तिच्या जनकांपैकीं एक होत. मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफोर्ड या गांवावरून या योजनेला 'वेस्ट फोर्ड' असें नांव पडलें.

योजना ऐकावयास सोपी होती. तांब्याच्या केसाहूनहि बारीक सुया करावयाच्या. प्रत्येकीची लांबी पावणेदोन सेंटिमीटरांहून किंचित् अधिक. ही लांबी मनास येईल तशी ठरविलेली नव्हती. ज्या रेडिओ-लहरी वापरावयाच्या होत्या त्यांच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मी ती होती, आणि अशा मापाची धातूची सुई ती लहर पकडून पुन्हां चोहोंकडे फेंकते. अशा कोट्यवधि सुया साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक उंचीवर सोडल्या कीं त्या हळूहळू पसरून पृथ्वीभोंवतीं एक विरळ कडें तयार होईल; मग त्या कड्यावर संदेश आपटावा आणि खंडाच्या दुसऱ्या टोकाला तो झेलावा. सुया एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून त्या नॅफ्थॅलीनमध्यें बसविल्या होत्या. आमच्याकडे कपड्यांच्या पेटींत ज्या डांबरगोळ्या ठेवतात त्यांचेंच हें द्रव्य; निर्वात जागीं तें भराभर उडून जातें आणि सुया मोकळ्या होतात. सुयांची संख्या अठ्ठेचाळीस कोटी. आणि त्या सर्वांचें वजन एका माणसाला उचलतां येईल एवढेंच.

ही योजना प्रसिद्ध झाली तेव्हां ज्योतिर्विदांत खळबळ उडाली. इंग्लंडांत जॉड्रेल बँकचे बर्नार्ड लव्हेल व केंब्रिजचे मार्टिन राइल हे रेडिओ-ज्योतिषांतील दोन अग्रगण्य पुरुष विरोधास उभे राहिले. रशियन वर्तमानपत्रांनींहि टीकेची संधि साधली. पण त्यांच्या टीकेंत राजकारण किती व आकाशाची काळजी किती, हें वाचकांनींच ठरवावें. ज्योतिर्विदांच्या आक्षेपांत मात्र तसें राजकारण नव्हतें. त्यांचें म्हणणें दुहेरी होतें. पहिलें असें कीं सूर्यप्रकाश व रेडिओ-लहरी या कड्यावरून परावर्तित होऊन वेधांत व्यत्यय येईल. दुसरें अधिक खोल होतें. हें पहिलें कडें विरळ असेलहि; पण तें उपयोगी ठरलें तर दुसरें, तिसरें, अधिक दाट कडें घालण्यापासून कोण कोणाला अडविणार? आणि एकदां घातलेलें कडें परत कसें घेणार?

१९६१ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघाचें अधिवेशन भरलें. तेथें या प्रश्नावर ठराव झाला. पूर्ण आंतरराष्ट्रीय अभ्यास व संमति यांवाचून पृथ्वीच्या परिसरांत मोठा फेरबदल करण्याचा हक्क कोणत्याहि एका गटाला नाहीं, असा त्याचा आशय होता. हें वाक्य सौम्य दिसतें. पण त्याचें वजन ध्यानांत घेतलें पाहिजे. सुया अपायकारक आहेत कीं निरुपद्रवी, या चर्चेच्या पलीकडे जाऊन तें अधिकाराविषयीं बोलतें. अमेरिकन सरकारनेंहि थोडें नमतें घेतलें. पहिल्या प्रयोगाचा परिणाम तपासल्याखेरीज पुढचें पाऊल टाकणार नाहीं, असें जाहीर केलें.

२१ ऑक्टोबर १९६१ रोजीं पहिला प्रयोग झाला व तो फसला. सुया सुटल्या नाहींत, गठ्ठ्यांतच राहिल्या. दुसरा ९ मे १९६३ रोजीं झाला आणि तो साधला. कांहीं आठवड्यांत कडें तयार झालें. कॅलिफोर्नियांत उच्चारलेले शब्द त्या कड्यावरून मॅसॅच्युसेट्समध्यें ऐकूं आले. परंतु सुया जसजशा पांगल्या तसतशी कड्याची शक्ति ओसरली. दरम्यान १९६२ च्या जुलैंत 'टेलस्टार' नांवाचा दळणवळणाचा उपग्रह वर गेला होता. एकच यंत्र संदेश घेऊन, त्याचें बळ वाढवून परत पाठवूं शकतें हें त्यानें दाखविलें, तेव्हां सुयांचें प्रयोजनच संपलें. ज्योतिर्विदांच्या वेधांसहि, भीति होती तितकी हानि झाली नाहीं. सूर्यप्रकाशाला अत्यंत सूक्ष्म असा दाब असतो. त्या दाबानें सुयांच्या कक्षा बदलत जाऊन त्या वातावरणांत उतरतील, असें गणित योजकांनीं आधींच मांडलें होतें. तें खरें ठरलें. दहा वर्षांच्या आंत बहुतेक सुट्या सुया खालीं आल्या. न सुटलेले कांहीं गठ्ठे तेवढे मागें राहिले.

येथें वाद मिटला. पण निकाल काय लागला? योजकांनीं सांगितलें होतें कीं हानि होणार नाहीं, आणि झाली नाहीं. तेव्हां त्यांचाच पक्ष जिंकला असें पुष्कळांस वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्योतिर्विदांनीं मुख्यतः विचारलें होतें तें 'तुम्हांला हक्क कोणी दिला?' असें, आणि त्याला उत्तर मिळालें तें 'आमचें गणित बरोबर आहे' असें. गणित बरोबर आलें म्हणून अधिकार सिद्ध होत नाहीं. आमच्या खेड्यापाड्यांत गायरान म्हणून जागा असते. ती सर्वांची म्हणून कोणाचीच नव्हे. कोणी तेथें चार महिने खळें घातलें आणि पीक झोडून नेलें, तर गांवाचें नुकसान होत नाहीं. लोक बोलत नाहींत. पण त्या वेळीं पंचांनीं नियम ठरवून ठेवला नाहीं, तर पुढें पक्कीं घरें उठतात, आणि 'अमक्याला तुम्ही अडविलें नाहीं, मग मलाच कां?' हें उत्तर ऐकून घ्यावें लागतें. १९६३ सालीं खळें उठलें. नियम मात्र झाला नाहीं.

नियम अगदींच झाला नाहीं असें म्हणणेंहि अन्यायाचें होईल. १९६७ सालीं बाह्य अवकाशाविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानें त्याच सालच्या मार्चांत त्यावर सही केली व १९८२ सालीं त्यास मान्यता दिली. अवकाशाचा उपयोग सर्व राष्ट्रांना खुला आहे, तें क्षेत्र अखिल मानवजातीचें आहे, असें त्याचें पहिलें कलम सांगतें. सहाव्या कलमानें खाजगी मंडळींच्या कृत्यांची जबाबदारी त्या त्या राष्ट्रावर टाकली आहे. नवव्या कलमांत तर दुसऱ्या राष्ट्रांच्या कार्यांत घातक व्यत्यय येण्याचा संभव दिसल्यास अगोदर विचारविनिमय करावा, असें स्पष्ट आहे. बर्कलीच्या ठरावाची छाया या कलमावर आम्हांस दिसते. परंतु व्यत्यय घातक आहे कीं नाहीं हें ठरविणार कोण, हें कलम सांगत नाहीं. आणि रात्रीचें आकाश जमिनीवरून पाहणें हा शब्द तर करारांत कोठेंच नाहीं.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत सूचना मिळाल्या नाहींत असें नव्हे. ४ फेब्रुवारी १९९३ रोजीं रशियानें 'झ्नाम्या' नांवाचा वीस मीटर व्यासाचा आरसा अवकाशांत उलगडला. ध्रुवप्रदेशांतील लांब रात्रीं सूर्यप्रकाशानें उजळाव्या, असा त्यामागील मनोरथ. सुमारें पांच किलोमीटर रुंदीचा प्रकाशाचा डाग त्या पहाटे युरोपावरून सरकत गेला. १९९९ मध्यें दुसरा आरसा उलगडतांना अडकला व ती योजना बारगळली. १९९७ पासून 'इरिडियम' नांवाच्या दूरध्वनि-उपग्रहांची माळ आकाशांत गुंफली गेली. त्या सहासष्ट उपग्रहांचे पत्रे आरशासारखे होते. त्यांवरून सूर्यकिरण परतून क्षणभर शुक्राहून कितीतरी तेजस्वी चमक दिसे. हौशी मंडळी वेळापत्रक पाहून ती बघत. येथेंहि कौतुकानेंच तक्रारीवर मात केली.

मग २०१९ सालचा मे महिना आला. अमेरिकेंतील स्पेसएक्स या कंपनीनें 'स्टारलिंक' मालिकेंतील पहिले साठ उपग्रह एकाच अग्निबाणानें वर नेले. दुसऱ्याच रात्रीं नेदरलंड्समधील एका निरीक्षकानें त्यांची आगगाडीसारखी रांग चित्रित केली, आणि ती पाहून जगांतील ज्योतिर्विद दचकले. त्या सुमारास चालू स्थितींत असलेले जगांतील सर्व राष्ट्रांचे मिळून उपग्रह दोन हजारांच्या आसपास होते. २०२५ सालीं एकट्या स्टारलिंकचे आठ हजारांच्या पुढें गेले. बारा हजारांची परवानगी या कंपनीनें मिळविली होती. आणखी तीस हजारांसाठीं तिच्या वतीनें २०१९ मध्येंच नोंदणी झाली. ॲमेझॉन कंपनीची ३,२३६ उपग्रहांची योजना आहे. चीनच्या दोन मोठ्या योजना प्रत्येकीं दहा हजारांहून मोठ्या आहेत. एकूण पासष्ट हजार उपग्रह झाले, तर नुसत्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या दर पंधरा तेजोबिंदूंत एक उपग्रह असेल, असें कॅनडांतील संशोधकांनीं गणित केलें आहे.

हे उपग्रह स्वतः प्रकाशत नाहींत. सूर्यास्तानंतर आपण पृथ्वीच्या छायेंत येतों. पण ५५० किलोमीटर उंचीवर ऊन असतेंच. तें उपग्रहाच्या अंगावरून खालीं परततें. यामुळें तिन्हीसांजेनंतर व पहाटेपूर्वीं ही पीडा सर्वांत अधिक. आणि उत्तरेकडील देशांत उन्हाळ्यांत सूर्य क्षितिजाखालीं फार खोल जात नाहीं म्हणून ती रात्रभर चालते. पृथ्वीला धोका पोंचवूं शकतील असे सूर्याजवळून येणारे लघुग्रह याच संधिप्रकाशांत शोधावे लागतात, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. चिलींतील सेरो पाचोन या डोंगरावर रुबिन वेधशाळा उभी आहे. तिचा आरसा ८·४ मीटरांचा, कॅमेरा ३२० कोटी बिंदूंचा. २०२५ च्या जूनमध्यें तिचीं पहिलीं चित्रें प्रसिद्ध झालीं. सर्व दक्षिण आकाश दहा वर्षें पुन्हां पुन्हां टिपावयाचें, असा तिचा संकल्प आहे; आणि एका वेळीं मोठा पट्टा टिपणारा हा डोळा उपग्रहांच्या रेघांनीं सर्वांत अधिक बाधित होतो. अवकाशांत राहूनहि सुटका नाहीं. २००२ ते २०२१ या काळांत हबल दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांपैकीं २·७ टक्क्यांत उपग्रहांच्या रेघा आढळल्या, आणि यांतील बहुतेक काळ स्टारलिंकच्या आधींचा आहे.

रेडिओ-ज्योतिषाचें दुखणें वेगळें व आमच्या अधिक जवळचें आहे. नेदरलंड्समधील 'लोफार' या रेडिओ-दुर्बिणीनें २०२३ सालीं दाखवून दिलें कीं या उपग्रहांतील विद्युद्यंत्रणेंतून नकळत रेडिओ-लहरी पाझरतात. ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत त्या सांपडल्या. पुढच्या पिढीच्या उपग्रहांतून त्या कांहीं पटींनीं अधिक पाझरतात, असें २०२४ मध्यें दिसून आलें. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नानें पंचेचाळीस मीटरांच्या तीस तबकड्यांची जी दुर्बीण उभी राहिली, तिच्या कार्यक्षेत्रांतील खालचा पट्टा याच लहरींना लागून आहे. तबकड्यांच्या आसपासच्या गोंगाटाला बंदी करतां येते; डोक्यावरून जाणाऱ्या गोंगाटाला तालुक्याची, किंबहुना देशाची हद्द नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं शहरांत राहणाऱ्या आम्हांला रस्त्यांच्या दिव्यांमुळें तारे दिसतच नाहींत. मग उपग्रहांचें एवढें कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो या भेदाकडे डोळेझांक करतो कीं दिव्यापासून दूर जातां येतें. दिवा विझवितां येतो, त्याला टोपण घालतां येतें. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पांत आसपासच्या कांहीं खेड्यांतील दिवे बदलून खालीं तोंडाचे बसविले, आणि २०२४ च्या जानेवारींत त्या वनास देशांतील पहिलें 'अंधाऱ्या आकाशाचें उद्यान' ही मान्यता मिळाली. लडाखांत हानले येथें २०२२ सालीं असेंच क्षेत्र राखून ठेवण्यांत आलें. येथें माणसांनीं आपल्या घरचा उजेड आपण होऊन आवरला. परंतु त्यांच्या माथ्यावरून जाणारा उपग्रह त्यांच्या ग्रामसभेला विचारीत नाहीं. लग्नाच्या विधींत वधूवरांस ध्रुव व अरुंधती दाखविण्याची चाल ज्या समाजानें घातली, त्याला हा तोटा निराळा समजावून सांगावयास नको. अरुंधती हा चौथ्या प्रतीचा तारा; आणि २०१९ चे उपग्रह पांचव्या प्रतीच्या आसपास चमकत होते, नुकतेच सोडलेले तर त्याहूनहि अधिक.

आतां दुसरी बाजू. ती लहान नाहीं, आणि ती दडवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या गांवीं तार पोंचत नाहीं तेथें हे उपग्रह पोंचतात. २०२५ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलें. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे त्यांत पुढें ठेवले आहेत. गडचिरोलींतल्या एखाद्या आरोग्यकेंद्राला दूरच्या डॉक्टराचा सल्ला मिळावा, यापुढें पुण्याच्या एका प्राध्यापकानें ताऱ्यांचें गाऱ्हाणें मांडणें शोभेल काय? शिवाय आपला देश या व्यवहारांत केवळ प्रेक्षक नाहीं. 'वनवेब' कंपनीचे बहात्तर उपग्रह आपल्याच अग्निबाणांनीं २०२२ च्या ऑक्टोबरांत व २०२३ च्या मार्चांत श्रीहरिकोट्याहून वर नेले. २०२२ सालीं अमेरिकेंत सोडलेल्या 'ब्लूवॉकर ३' या उपग्रहाची चौसष्ट चौरस मीटरांची तबकडी उलगडल्यावर तो आकाशांतील अत्यंत ठळक ताऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसला. त्याच कंपनीचा त्याहून तिप्पट विस्ताराचा उपग्रह २०२५ च्या डिसेंबरांत श्रीहरिकोट्याहूनच सुटला. तेव्हां बोट दाखवितांना उरलेलीं बोटें आपल्याकडे वळलेलीं असतात, हें ध्यानांत असूं द्यावें.

परंतु गडचिरोली कीं आकाश, असा हा सौदा आहे काय? आम्ही म्हणतों, नाहीं. ज्योतिर्विदांनीं उपग्रह बंद करा असें म्हटलेलें नाहीं. उपग्रह सातव्या प्रतीपेक्षां मंद असावा, म्हणजे नुसत्या डोळ्यांस दिसूं नये व वेधशाळांच्या कॅमेऱ्यांसहि सोसवावा, एवढीच त्यांची मागणी आहे. आणि ती अशक्य कोटींतील नाहीं हें कंपनीनेंच सिद्ध केलें. २०२० च्या जानेवारींत तिनें एका उपग्रहाला काळा लेप दिला, तेव्हां त्याचें तेज निम्म्यावर आलें. त्याच वर्षीं पडदा लावलेले उपग्रह निघाले व तेज आणखी उतरलें. पुढें उपग्रहांमध्यें परस्पर संदेशासाठीं लेसर बसविले. त्यांच्या आड तो पडदा येऊं लागला म्हणून पडदा गेला. उपाय होता, तो गैरसोयीचा ठरला, आणि ठेवा म्हणण्याचा अधिकार कोणाजवळ नव्हता. सौजन्यावर सोंपविलेल्या गोष्टीची अखेर बहुधा अशी होते. २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघानें या कामासाठीं स्वतंत्र केंद्र स्थापिलें. तें अभ्यास करतें, विनवितें, कंपन्यांशीं बोलतें. आज्ञा करणें त्याच्या हातीं नाहीं.

मग आज्ञा कोणाच्या हातीं आहे? स्टारलिंकच्या बाबतींत ती अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या हातीं होती. रेडिओच्या लहरी वांटून देणारें हें खातें. अमेरिकेंत धरण वा रस्ता बांधावयाचा तर परिसरावर काय परिणाम होईल हें आधीं तपासावें लागतें. परंतु उपग्रहांच्या परवान्यांना या तपासणींतून या आयोगानें १९८६ पासून सरसकट वगळून ठेवलें होतें. त्या वेळीं उपग्रह थोडे होते, म्हणून ती सूट कोणास खुपली नाहीं. २०२२ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन संसदेच्या तपासनीस कचेरीनें ही सूट पुन्हां पारखून पाहावी अशी शिफारस केली. अंधाऱ्या आकाशाच्या रक्षणार्थ झटणारी संस्था न्यायालयांत गेली. २०२४ च्या जुलैंत न्यायालयानें आयोगाच्या बाजूनें निर्णय दिला. अशा रीतीनें एका देशांतील एका खात्याच्या जुन्या सुटीच्या आधारानें सर्व पृथ्वीच्या रात्रीचा चेहरा बदलला. तें खातें दुष्ट होतें असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. त्याला तो प्रश्न विचारण्याचें कारणच कोणीं दिलें नव्हतें. आणि कोणीं दिलें नव्हतें, कारण १९६३ च्या सुया पुढें खालीं आल्या होत्या.

वेस्ट फोर्डच्या इतिहासांतून घ्यावयाचा धडा आम्हांस हा वाटतो. त्या वेळचे ज्योतिर्विद हानीच्या अंदाजांत चुकले, पण प्रश्नांत चुकले नाहींत. त्यांनीं ज्या दुसऱ्या, तिसऱ्या, अधिक दाट कड्याची भीति घातली तें आतां पूर्ण होत आलें आहे; फक्त तें लष्करानें घातलेलें नाहीं, बाजारानें घातलें आहे, आणि तें सुयांचें नसून यंत्रांचें आहे. त्या सुया सूर्यप्रकाशाच्या दाबानें आपोआप उतरल्या. हे उपग्रहहि साधारण पांच वर्षांनीं उतरविले जातात. पण उतरलेल्याच्या जागीं दुसरा चढतो, म्हणून कडें कायमचें राहतें. २०२५ सालीं तर अमेरिकेंतील एका नव्या कंपनीनें रात्रीं जमिनीवर ऊन पाडणाऱ्या आरशासाठीं परवानगी मागितली. झ्नाम्याचा मनोरथ बत्तीस वर्षांनीं पुन्हां जागा झाला आहे, आणि नियम अजून निजलेला आहे.

आपल्या देशानें यांत करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें करण्यास लागणारा अधिकार त्याच्याजवळ आहे. २०२५ सालीं स्टारलिंकला भारतांत सेवा देण्याचा परवाना मिळाला. परवाना देणाऱ्याला अटी घालतां येतात. किती तेज चालेल, खोडदसारख्या दुर्बिणींवरून जातांना कोणत्या लहरी आवराव्या, श्रीहरिकोट्याहून सुटणाऱ्या परक्या उपग्रहाचा आकाशावर काय परिणाम होईल हें आधीं कोणीं तपासावें, या अटी आज लिहिल्या तर त्या इतर राष्ट्रांपुढें उदाहरण म्हणून ठेवतां येतील. एवढें मोठें गिऱ्हाईक विनंति करीत नाहीं, तें सांगतें. गडचिरोलीला संदेश मिळावा व तेथील मुलांना आकाशहि दिसावें, या दोन्ही गोष्टी एकाच परवान्यांत मावतात. त्या मागावयाच्या मात्र परवाना देतांना असतात, नंतर नव्हे.

न सुटलेल्या सुयांचे कांहीं गठ्ठे अजून पृथ्वीभोंवतीं फिरत आहेत, आणि अवकाशांतील कचऱ्याची मोजदाद ठेवणारे त्यांची नोंद ठेवून आहेत. बर्कलीच्या ठरावांत विचारलेल्या प्रश्नाची नोंद मात्र कोणत्याहि सरकारी वहींत सांपडत नाहीं. ती आतां तरी व्हावी.